बोका नावाच्या कुत्र्याची खाज

"थांबा! मिस्त्रीकाका, थांबा! ते त्याला लावू नका!"

मोजपट्टी या टोपणनावाची मुलगी बसडेपोच्या कार्यशाळेत धावत शिरली आणि दुरुस्तीच्या खड्ड्याच्या अगदी काठावर कशीबशी थांबली. आणखी एक पाऊल पुढे पडतं, तर ती खड्ड्यात उतरून बसच्या पोटाखाली काम करणाऱ्या आपल्या बाबांच्याच डोक्यावर आदळली असती!

पलीकडे जुन्या टायरांच्या चळतीला बोका बांधलेला होता. त्याच्यासमोर मिस्त्रीकाका उकिडवे बसले होते. एका हातात काळ्याकुट्ट जळक्या ऑइलचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश.

"ओरडतेस काय एवढी?" मिस्त्रीकाका म्हणाले. "खरजेवर जळक्या ऑइलसारखं औषध नाही. आणि फुकट! माझे आजोबा त्यांच्या सगळ्या कुत्र्यांना हेच लावायचे."

"काका, कुत्रा अंग चाटतो. सगळं ऑइल त्याच्या पोटात जाईल. आणि पोटाचं कातडं सोललंय त्याचं, बघा ना!"

मोजपट्टीच्या मागून धापा टाकत तिचा मित्र आला, ज्याला सगळे वकील म्हणत. त्याने शांतपणे विचारलं, "काका, तुमच्या आजोबांकडे एकूण कुत्रे किती होते?"

"असतील नऊ-दहा."

"एकाच वेळी?"

"छे रे! एक गेला की दुसरा आणायचे."

"अच्छा! म्हणजे हे औषध लावून एक गेला, की दुसरा!"

खड्ड्यातून मोजपट्टीच्या बाबांचं हसू ऐकू आलं. मिस्त्रीकाकांनी डब्याकडे पाहिलं, बोक्याकडे पाहिलं आणि ब्रश हळूच खाली ठेवला. तेवढ्यात वकिलाच्या बहिणीने दोरी सोडलीसुद्धा!

या बहिणीचं वय आठ. भाऊ जाईल तिथे ती जायची, म्हणून तिला सगळे शेपूट म्हणत. वकील बाराचा, त्याला वाद घालायला सकाळ-संध्याकाळ कुठलाही विषय चालायचा. मोजपट्टी तेराची. ती जे दिसेल ते मोजून वहीत लिहायची, अगदी जिन्याच्या पायऱ्यासुद्धा. वकील-शेपटाची आई डेपोच्या तिकीट खिडकीत बसायची. त्यामुळे सुट्टी लागली, की तिघांचा मुक्काम डेपोतच.

आणि बोका? तो तीन वर्षांपूर्वी मांजराच्या पिल्लांच्या खोक्यात सापडला होता. डोळेही न उघडलेलं पिल्लू! सगळ्यांना वाटलं, बोकाच आहे. तो भुंकला तेव्हा चूक कळली, पण तोवर नाव पक्कं झालं होतं.

गेले तीन आठवडे बोका खाजवत होता. आधी पोट लाल झालं. मग कोपरांवरचे आणि हनुवटीखालचे केस गेले. आता पंजेही फुटले होते. चालताना तो एकेक पाय उचलून थांबायचा.

"सोडला का त्याला? बांधून ठेवा!"

डेपोचे साहेब दारात उभे होते. ते फारसे रागावत नसत. पण आज त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"माझ्या सात ड्रायव्हरांना खाज सुटलीय," ते म्हणाले. "पाठीला, कोपराला. दुपारी विश्रांती खोलीत हा कुत्रा त्यांच्याशेजारी झोपतो. खरूज पसरवतोय तो! मी नगरपालिकेला कळवलंय. परवा सकाळी अकराला गाडी येईल."

"कुठे नेतात ते गाडीवाले?" शेपटाने विचारलं.

मिस्त्रीकाका खाली बघत पुटपुटले, "खरुजलेली कुत्री तिकडून परत येत नाहीत, बाळ."

"साहेब, ही खरूजच आहे असं कोणी सांगितलं?" वकिलाने विचारलं.

"दिसत नाही का?"

"दिसतं ते सगळंच—"

"वादविवाद नको!" साहेब वळले. "आज मंगळवार. गुरुवारी अकरा वाजता. ठरलं."

* * *

तिघांनी सुट्टीत पोहण्याच्या तलावाचे पास काढायचे म्हणून एका डब्यात पैसे साठवले होते. शेपटाने घरी जाऊन डबा आणला आणि दुपारी चौघं, म्हणजे बोका धरून चौघं, बाजारामागच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बसली.

डॉक्टरबाई उंच आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बोक्याला टेबलावर घेतलं. डबा त्यांच्यापुढे ठेवून मोजपट्टी म्हणाली, "डॉक्टर, आमच्याकडे इतकेच पैसे आहेत. यात काय होईल?"

डॉक्टरांनी डब्यात डोकावून पाहिलं. "एकच गोष्ट होईल. खरजेचं इंजेक्शन, नाहीतर तपासणी. औषधी साबणाचं तर नावच काढू नका."

"इंजेक्शन!" शेपूट म्हणाली. "लगेच बरा होईल."

"खरूज असेल तर," मोजपट्टी म्हणाली. "नसेल तर पैसे संपतील आणि बोका तसाच राहील."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "बरोबर. न बघता दिलेलं औषध सगळ्यात महाग पडतं."

त्यांनी पात्याच्या बोथट कडेने बोक्याच्या कातडीवर चार ठिकाणी अलगद खरवडलं, ते काचपट्टीवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. शेपटाने बोक्याचा कान घट्ट धरून ठेवला होता.

"खरजेचे किडे दिसत नाहीत," अखेर डॉक्टर म्हणाल्या. "कधीकधी ते नजर चुकवतात, म्हणून मी चार जागा पाहिल्या. पण मला दुसरंच काही खटकतंय. याच्या कानांच्या कडा बघा. स्वच्छ! कुत्र्याची खरूज बहुतेक वेळा तिथून सुरू होते. आता पाठ बघा."

"पाठही चांगली आहे," वकील म्हणाला.

"मग वाईट काय काय आहे? तुम्हीच सांगा."

मोजपट्टीने वही उघडली. "पोट. कोपरं. हनुवटी. पंजे." ती थांबली. मग तिने वही मिटली आणि स्वतःच दवाखान्याच्या फरशीवर पालथी पडली, हनुवटी टेकवून!

"ए, वेड लागलं का?" वकील ओरडला.

"पोट, कोपरं, हनुवटी, हात," ती खालूनच म्हणाली. "जे जमिनीला टेकतं, तेच!"

डॉक्टर हसल्या नाहीत, पण त्यांचे डोळे चमकले. "तो कशावर तरी झोपतोय आणि ते त्याला भाजतंय. ते काय आहे, हे सूक्ष्मदर्शकातून दिसणार नाही. ते तुम्हाला शोधावं लागेल. तोवर दिवसातून तीनदा साध्या पाण्याने धुवा. दुसरं काहीही लावू नका. टिपून कोरडा करा. नेहमीच्या जागी झोपू देऊ नका, आणि चाटू देऊ नका."

"चाटू नये म्हणून गळ्यात घालायचं ते मिळतं ना? केवढ्याला?"

"फुटकी बादली आहे घरी?" डॉक्टरांनी विचारलं.

त्या संध्याकाळी मोजपट्टीच्या बाबांनी एका फुटक्या बादलीचा तळ कापून दिला. कडेला सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवली, म्हणजे मान कापायला नको. बोक्याने बादलीतून तिघांकडे असं पाहिलं, जणू त्याची कोणीतरी घोर फसवणूक केली आहे!

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती: 'चार नमुने तपासले. खरूज आढळली नाही.' साहेबांनी ती दोनदा वाचली.

"मग माझे सात ड्रायव्हर का खाजवतायत?" त्यांनी विचारलं. "याचं उत्तर आहे चिठ्ठीत? नाही ना? मग गाडी येणार. उद्या मी मुख्य कचेरीत आहे. मला फोन करायचा नाही."

* * *

बुधवारी सकाळी मोजपट्टीने वहीत चार रकाने आखले. नाव, खाज आहे का, दुपारी कुठे झोपता, बोक्याला हात लावता का.

"चौकशी आयोग बसला वाटतं!" एक ड्रायव्हर म्हणाला, पण त्याने उत्तरं दिली. हळूहळू सगळ्यांनीच दिली.

फक्त वाघकाका चिडले. वाघकाकांच्या मिशा भरघोस होत्या, आवाज त्याहून भरघोस. "माझी पाठ बघ! आग होतेय नुसती. त्या कुत्र्यामुळे! त्याला आधी हाकला!"

"वाघकाका, तुम्ही बोक्याला हात लावता?"

"हात?" वाघकाका एक पाऊल मागे सरले. "मी... म्हणजे मला वेळ नसतो."

"खोटं!" मागून कोणीतरी ओरडलं. "तो कुत्र्याला घाबरतो! बोका खोलीच्या या टोकाला असेल तर हा त्या टोकाला!"

सगळे हसले. मोजपट्टी मात्र हसली नाही. तिने लिहिलं: 'वाघकाका. कुत्र्यापासून लांब. खाज सगळ्यात जास्त. झोप: फरशीवर.'

मग ती भोंगाकाकांच्या बसमध्ये चढली. यांचं घोरणं बसच्या भोंग्याइतकं मोठं. म्हणून त्यांना विश्रांती खोलीत कोणी झोपू देत नसे; ते आपल्या बसमध्येच मागच्या लांब सीटवर आडवे होत.

"बोका ना? रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसतो," ते म्हणाले. "मला खाज? छे! मला काय होतंय?"

दहा वाजता तिघं वही मधे ठेवून बसली.

"विश्रांती खोलीत चौदा जण झोपतात," मोजपट्टी म्हणाली. "पाच जण लोखंडी खाटांवर. त्यांच्यापैकी एकालाही खाज नाही. नऊ जण फरशीवर. त्यातल्या सातांना खाज. उरलेले दोघं घरून जाड सतरंजी आणतात."

"आणि बोक्याला रोज कुरवाळणारे भोंगाकाका ठणठणीत!" वकिलाने मांडीवर थाप मारली. "म्हणजे बोक्याने कोणालाच काही दिलेलं नाही. बोक्याला आणि ड्रायव्हरांना ते एकाच ठिकाणाहून मिळालंय. फरशीवरून! चला, फोन करू साहेबांना!"

"करायचा नाही म्हणालेत ते. आणि फरशीत काय आहे, हे विचारलं तर?"

"फरशी तर पहिल्यापासून तीच आहे," शेपूट म्हणाली.

"फरशी तीच आहे," मोजपट्टी सावकाश म्हणाली. "ती पुसतात कशाने?"

* * *

फरशी पुसायच्या सफाईवाल्या मावशी. विश्रांती खोलीच्या मागच्या पायरीवर त्या बसल्या होत्या. पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेल्या, हातांत जुने रबरी मोजे.

"मावशी, पायाला पिशव्या का बांधल्यात?"

मावशींनी पाय मागे ओढले. "असंच गं."

शेपूट त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि तिने काही न विचारता त्यांचा मोजा ओढला. मोज्याला बोटांशी भोकं होती. आतला हात उघडा पडला. बोटांची सालं निघाली होती. तळव्याला भेगा पडल्या होत्या.

"मावशी! हे केव्हापासून?"

"तीनेक आठवडे झाले. पाण्याला हल्ली जोर आहे बाई फार. मी नंतर साध्या पाण्याचा एक हात फिरवते, तरी पायांची आग होते." त्यांनी घाईने मोजा चढवला. "कोणाला सांगू नका हं! ठेकेदार म्हणेल, हात चालत नसतील तर घरी बस. माझं नाव काढणार नाही, असं वचन द्या आधी."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबांना दाखवायला मावशींच्या हातांएवढा मोठा पुरावा नव्हता.

"वचन," मोजपट्टी म्हणाली.

"पण मावशी, पाणी घेता कुठून?" वकिलाने विचारलं.

"कुठून म्हणजे? निळ्या पिंपातून. पांढऱ्या पिंपातलं फरशी पुसायचं औषध कडक असतं, त्याला हात लावायचा नाही. स्टोअरवाले भाऊ त्यात पाणी घालतात आणि निळ्यात भरतात. निळं म्हणजे तयार. दोन बादल्या काढायच्या आणि पुसायचं. सहा वर्षं हेच करते मी."

स्टोअरबाहेरच्या बोळात ते निळं पिंप तोटी लावून उभं होतं. पांढरं पिंप मात्र कुठेच दिसत नव्हतं. मोजपट्टी वाकून बघतेय तोच स्टोअरकीपरकाका बाहेर आले. कानावर पेन, खिशात किल्ल्यांचा जुडगा.

"काय चाललंय इथे?"

"काका, यातलं चमचाभर पाणी हवंय. तपासायला."

"तपासायला? स्टोअरचा एक थेंबही मागणीपत्राशिवाय बाहेर जात नाही! सही लागते. चला, पळा!"

तेवढ्यात मावशी बादली घेऊन आल्या. त्यांनी तोटी सोडली, बादली भरली, काकांच्या वहीवर अंगठा उमटवला. त्या वळणार, इतक्यात वकील आडवा आला.

"काका, एक शंका. ही बादली आता कोणाची?"

"कोणाची म्हणजे? सफाई खात्याला दिली."

"अंगठा झाला, म्हणजे स्टोअरचा तिच्याशी संबंध संपला?"

"अर्थात! नियमच आहे."

"मावशी, तुमच्या बादलीतून दोन-तीन चमचे घेऊ का?"

"घे की बाळा!"

स्टोअरकीपरकाकांचाच नियम त्यांच्या आडवा आला होता! मोजपट्टीने कार्यशाळेतून आणलेले बाबांचे जाड हातमोजे आणि वेल्डिंगचा चष्मा घालून लांब दांड्याच्या चमच्याने नमुना काचेच्या बाटलीत घेतला आणि घट्ट बूच लावलं.

* * *

"आता याची तुलना कशाशी करायची?" वकिलाने विचारलं. "जुनं पाणी तर केव्हाच संपलं."

"आईच्या खिडकीत आहे!" शेपूट म्हणाली. "काच पुसायची फवाऱ्याची बाटली. दोन महिन्यांपूर्वी तिने निळ्या पिंपातलंच भरून आणलं होतं. काच पुसायचा कंटाळा करते, म्हणून अजून अर्धी आहे!"

"शेपटा, तू हुशार आहेस," वकील म्हणाला. "आईला मात्र यातलं शेवटचं वाक्य सांगू नकोस."

प्रयोग कार्यशाळेच्या कोपऱ्यात झाला, बाबांच्या नजरेखाली. सामान असं: दोन काचेचे पेले, एका जुन्या बाटलीचा ड्रॉपर, पांढरं व्हिनेगर आणि चिमूटभर हळद.

मोजपट्टीने एका पेल्यात आईच्या बाटलीतलं एक चमचा पाणी घेतलं, दुसऱ्यात निळ्या पिंपातलं. दोन्हीत हळदीचं पाणी घातलं. दोन्ही पेले झरकन लालबुंद झाले!

"दोन्ही सारखेच!" वकिलाचा चेहरा उतरला.

"थांब जरा. क्षार असला की हळद लाल होते. साबणाने हळदीचा डाग लाल होतो, तसंच. पण क्षार किती आहे, ते रंग सांगत नाही. ते मोजावं लागतं. व्हिनेगर आम्ल आहे. क्षार संपला, की हळद परत पिवळी होईल. शेपटा, मोज!"

पहिल्या पेल्यात एक थेंब पडला. दोन. तीन. चार. लाल रंग विरला आणि पाणी पिवळं झालं.

"चार," मोजपट्टीने लिहिलं.

दुसऱ्या पेल्यात चार थेंब पडले. लाल. दहा. लाल. चाळीस. शेपटाचा आवाज बारीक होऊ लागला. ड्रॉपर पुन्हा भरला. नव्वद. शंभर. खड्ड्यातलं काम सोडून बाबा वर आले. मिस्त्रीकाकाही पाना हातात धरून येऊन उभे राहिले. एकशे तीस. अजूनही लाल!

"एकशे अठ्ठावन्न," शेपूट पुटपुटली आणि पेला पिवळा झाला.

मोजपट्टीने भागाकार केला. "जवळजवळ चाळीसपट."

"कडक द्रवात चाळीस पट पाणी घालायचं असतं," बाबा हळूच म्हणाले. "इंजिन धुताना आम्हीही तेवढंच घालतो. अरे देवा! त्या निळ्या पिंपात पाणी घातलेलंच नाही!"

बाबांनी तत्काळ जाऊन पिंपाच्या तोटीला तार बांधली आणि ड्रायव्हरांना खाटांवर नाहीतर बसमध्येच झोपायला सांगितलं. साहेबांना तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तो बंद होता.

* * *

गुरुवारी गाडी अकराला यायची होती. ती दहाला पाच कमी असतानाच आली.

जाळीची गाडी फाटकातून आत वळली आणि त्यातून दोन माणसं उतरली. एकाच्या हातात लांब काठी होती, काठीच्या टोकाला फास. बोका भोंगाकाकांच्या बसखाली होता. बादली डोक्याला असल्यामुळे त्याला पटकन पळता येईना!

"साहेब अजून आलेले नाहीत," वकील गाडीवाल्यांसमोर उभा राहिला. "कागद दाखवा. कुठल्या कुत्र्याला न्यायचं, ते लिहिलंय का त्यात?"

"खरूज झालेला कुत्रा, बसडेपो," माणसाने कागद वाचला.

"या कुत्र्याला खरूज नाही. ही डॉक्टरांची चिठ्ठी. मग तुमचा कुत्रा दुसराच कोणीतरी असणार!"

"ए पोरा, बाजूला हो."

फास बसखाली सरकला. शेपूट सरळ आडवी झाली आणि बसखाली शिरून बोक्याच्या गळ्याला मिठी मारून बसली. "आधी मला न्या!" ती आतून ओरडली.

"काय गोंधळ आहे हा?" साहेब फाटकातून आत येत होते.

मोजपट्टी दोन पेले आणि बाटल्या घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने आधी वहीतले रकाने दाखवले. मग बसच्या पायरीवर पेले ठेवून सगळा प्रयोग पहिल्यापासून केला. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. पण शंभरावा थेंब पडला तरी पेला लालच होता, तेव्हा ते घड्याळ बघायचं विसरले.

"हे... हे भलतंच काहीतरी आहे!" गर्दीतून स्टोअरकीपरकाका पुढे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "साहेब, निळ्या पिंपात तयार पाणीच असतं. मी स्वतः भरतो! पोरांच्या खेळावर विश्वास ठेवता? थांबा, आत्ता दाखवतो!"

ते तरातरा बोळात गेले. मागोमाग सगळे. त्यांनी तोटीची तार उपसून बादलीभर पाणी काढलं, बाही कोपरापर्यंत सारली आणि हात खाली नेला.

"नको, काका!" मोजपट्टीने त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "भाजेल!"

"सोड! मला खोटं पाडतेस?"

"भाऊ, हात घालू नका," मागून आवाज आला.

सफाईवाल्या मावशी गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी दोन्ही मोजे काढले आणि हात सगळ्यांसमोर धरले. वचन मुलांनी मोडलं नव्हतं. मावशी स्वतःच आल्या होत्या.

"बघा, साहेब. मी कुत्र्याला जन्मात हात लावला नाही. या बादलीला रोज लावते." त्यांनी हात आणखी पुढे केले. "काढायचं असेल तर मला काढा कामावरून. पण त्या मुक्या जिवाला यासाठी नेऊ नका. आणि भाऊंचा हात असा व्हायला नको."

स्टोअरकीपरकाका त्या हातांकडे बघत राहिले. त्यांचा स्वतःचा हात बादलीवर वीतभर तसाच थांबला होता. मग त्यांनी तो हळूहळू मागे घेतला.

"पांढऱ्या पिंपाची तोटी," ते स्वतःशीच म्हणाले. "गळत होती... तपासणी अधिकारी यायचे होते... निळं रिकामं होतं, म्हणून मी कडक द्रव तात्पुरता निळ्यात ओतला. चिठ्ठी लावली होती मी! 'पाणी घालणे बाकी' अशी."

"कुठे आहे चिठ्ठी?" साहेबांनी विचारलं.

पिंपावर डिंकाचा एक चौकोनी डाग तेवढा होता.

"ओलाव्याने पडली असेल. पण मी नोंद केलीय, साहेब! रजिस्टरमध्ये पान बावन्नवर नोंद आहे!"

"रजिस्टर कुठे असतं?"

"कपाटात." काकांचा आवाज खोल गेला. "कुलपात."

"आणि पाणी काढतात मावशी," वकील म्हणाला. "ज्यांना कपाटाची किल्ली नाही आणि वाचताही येत नाही." या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

साहेब बसजवळ परतले आणि गाडीवाल्यांकडे वळले. "तुम्ही जा. तक्रार माझी होती, ती मी मागे घेतो. कागद द्या, सही करतो."

बसखालून एक धुळीने माखलेलं डोकं बाहेर आलं. "नक्की?" शेपटाने विचारलं.

"नक्की," साहेब म्हणाले. आणि वाकून, थोडं घाबरतच, त्यांनी बादलीच्या आत हात घालून बोक्याचं कपाळ खाजवलं.

* * *

त्याच दुपारी मावशींना डॉक्टरांकडे नेलं गेलं. खर्च डेपोने केला, आणि ठेकेदाराला साहेबांनी स्वतः सांगितलं, की मावशींची हजेरी पूर्ण लागेल. विश्रांती खोलीची फरशी साध्या पाण्याने पाच वेळा धुतली गेली. धुतली कोणी? स्टोअरकीपरकाकांनी! त्यांनी कोणी सांगण्याआधीच बाही सारली होती.

दोन आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी बोक्याच्या पोटावर बोट फिरवलं. नवे बारीक केस आले होते. बादली निघाली, तेव्हा बोक्याने आधी स्वतःचा पाय चाटला, मग डॉक्टरांचा हात आणि मग वाघकाकांचा, कारण वाघकाका "सहजच, इकडून जात होतो" असं म्हणत दवाखान्याच्या दारात उभे होते. ते ओरडले, पण पळाले नाहीत.

"आजचे पैसे नकोत," डॉक्टर म्हणाल्या. "मी फक्त काय नाही ते सांगितलं. काय आहे, ते तुम्ही शोधलंत. इंजेक्शन मागून मोकळे झाला असतात, तर आज हा कुत्रा नसता. आणि ते हात कोणी पाहिलेही नसते."

साहेबांनी सगळ्या ड्रायव्हरांसमोर मुलांची पाठ थोपटली आणि बक्षीस म्हणून तलावाचे तीन पास दिले. पण पहिल्याच दिवशी तिघं तलावावर न जाता सकाळी डेपोत हजर झाली, कारण त्यांना मावशींनी बोलावलं होतं.

मावशींच्या हातांवर नवी गुलाबी कातडी आली होती आणि त्यावर नवे कोरे मोजे होते. नव्या पांढऱ्या पिंपाशेजारी निळं पिंप उभं होतं. मावशींनी तोटी सोडून एक चमचा पाणी पेल्यात घेतलं. हळद घातली. पेला लाल झाला. मग त्यांनी ड्रॉपर उचलला. बोळात साहेब, मिस्त्रीकाका, बाबा आणि बादली धरून उभे असलेले स्टोअरकीपरकाका, सगळे पेल्याकडे बघत होते.

"पाचवा थेंब लागला, तर मी आज फरशीला हात लावणार नाही," मावशी म्हणाल्या. "साहेबांनीच सांगितलंय, यात माझा शब्द शेवटचा."

"एक," त्या मोठ्याने म्हणाल्या. "दोन. तीन."

चौथा थेंब पडला. पेला पिवळाजर्द झाला.

मावशींनी स्टोअरकीपरकाकांकडे पाहून मान हलवली. "भरा बादली!"